मातीचा मावळा गडावर उभा केला, तरी तो ‘चिकटवलेला’ का दिसतो?

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मूर्तींचे फोटो काढायचे, सह्याद्रीत स्वतः टिपलेल्या छायाचित्रांवर त्या संगणकावर बसवायच्या आणि त्यातून एखादे अद्भुत दृश्य उभे करायचे, हा छंद ज्याने ज्याने लावून घेतला आहे त्याला एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. मूर्ती कितीही निगुतीने कापली, तरी ती त्या जागी उभी आहे असे वाटत नाही. ती वरून चिकटवल्यासारखी दिसते. पुण्याकडे किल्ल्यावरच्या या मूर्तींना ‘चित्रे’ म्हणतात, परंतु छायाचित्रांशी घोटाळा होऊ नये म्हणून मी येथे मूर्ती हाच शब्द वापरतो.

मी स्वतः या अडचणीशी दोन दिवाळ्या झगडलो. प्रत्येक वेळी दोष कडांमध्ये असणार असे धरून मी मास्क (मूर्तीचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) घासत बसलो, कडा अर्ध्या पिक्सेलने मऊ केल्या, पुन्हा कडक केल्या, आणि तरीही चित्र जमले नाही. शेवटी माझ्या सात वर्षांच्या भाचीने पडद्यावर बोट ठेवून सांगितले, “मामा, ह्याचे पाय जमिनीला लागतच नाहीयेत.” तिने दाखवलेल्या जागी कड अगदी स्वच्छ होती, पण पायाखाली सावली नव्हती. त्या दिवसापासून मी कडांकडे सर्वांत शेवटी पाहतो, कारण हा दोष बहुतेक वेळा संगणकावर निर्माण झालेला नसतो. मूर्तीचा फोटो ज्या टेबलावर काढला तेथेच तो राहून गेलेला असतो, आणि टेबलावर राहिलेला दोष पडद्यावर फक्त झाकता येतो, काढता येत नाही.

दोष कोठे आहे हे आधी ओळखावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोन साध्या चाचण्या कराव्यात. पहिली चाचणी म्हणजे चित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून हातभर अंतरावरून पाहणे. एवढ्या लहान आकारातही मूर्ती चिकटवलेली दिसत असेल, तर दोष प्रकाशाचा, सावलीचा किंवा कॅमेऱ्याच्या उंचीचा आहे हे नक्की समजावे, कारण कडा आणि बारीक पोत त्या आकारात दिसतच नाहीत. लहान असताना चित्र जमलेले वाटते आणि मोठे केल्यावरच खटकते, अशी स्थिती असेल तर कडा, रंगाची चकाकी, मातीचे दाणे किंवा छायाचित्रातला रवाळपणा (बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा) तपासावा. दुसरी चाचणी म्हणजे सर्व लेअरच्या (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) वर एक कृष्णधवल लेअर ठेवून पाहणे. कृष्णधवलमध्ये मूर्ती नीट बसली आणि रंगीतमध्ये बसली नाही, तर दोष केवळ रंगाचा असतो आणि तो दहा मिनिटांत सुटतो. कृष्णधवलमध्येही ती वेगळी पडत असेल, तर रंगाशी खेळण्यात वेळ घालवू नये. या दोन चाचण्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि त्या न केल्यामुळे माझ्या कितीतरी रात्री भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करण्यात गेल्या.

कॅमेऱ्याची उंची आणि अंतर: सर्वांत मोठे कारण

पुढचे सारे एका उदाहरणावरून सांगतो. राजगडाच्या सुवेळा माचीवरून ऑक्टोबरच्या मध्यास सकाळी पावणेनऊच्या सुमारास मी दक्षिणेकडे पाहत एक छायाचित्र घेतले. दरीत ढग साचलेले होते आणि ऊन डावीकडून, किंचित समोरून येत होते. या छायाचित्रात बुटक्या तटाशी एक मावळा पाठमोरा उभा असावा आणि ढगांवरून चालत येणाऱ्या हत्तीला त्याने हात उंचावून थांबवावे, अशी माझी कल्पना होती.

माझा मावळा १० सेंटिमीटर उंच आहे. खरा माणूस १६० सेंटिमीटरचा धरला, तर मूर्तीचे प्रमाण १६ पट लहान आहे. या १६ च्या आकड्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. गडावर कॅमेरा ट्रायपॉडवर जमिनीपासून १५० सेंटिमीटर उंच होता; म्हणून मूर्तीचा फोटो काढताना लेन्सचा मध्य मूर्तीच्या पायापासून १५० भागिले १६, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच हवा. गडावर मावळ्याची जागा कॅमेऱ्यापासून ८ मीटर दूर होती. म्हणून टेबलावर मूर्ती लेन्सपासून ५० सेंटिमीटरवर हवी. कॅमेरा तोच आणि लेन्सची नाभीय लांबीही (फोकल लेंग्थ, म्हणजे झूम) तीच ठेवली, तर मूर्ती छायाचित्रात आपोआप योग्य आकाराची उतरते आणि ती ओढून लहान-मोठी करण्याची गरज जवळजवळ उरत नाही. माझ्या मते ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे: मूर्ती बसवताना तिचा आकार दीडपट किंवा निम्मा करावा लागला, तर अंतर चुकले आहे असे समजावे आणि फोटो पुन्हा काढावा.

बहुतेक जण, आणि सुरुवातीला मीही, मूर्ती टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या-बसल्या वरून फोटो काढतो. त्या फोटोत मावळ्याच्या पगडीचा माथा दिसतो, खांदे वरून दिसतात आणि पाय आखूड होतात. गडाचे छायाचित्र मात्र माणसाच्या नजरेच्या उंचीवरून घेतलेले असते. पाहणाऱ्याला यातले भूमितीचे कारण सांगता येत नाही, तरी एकाच चित्रात दोन वेगवेगळ्या नजरा आहेत हे त्याच्या डोळ्याला लगेच कळते. तपासण्याची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर कॅमेरा आडवा धरून घेतलेल्या छायाचित्रात क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. म्हणून १५० सेंटिमीटरवरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या, त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या १६० सेंटिमीटरच्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास ती रेषा आलीच पाहिजे, मग तो माणूस जवळ असो वा दूर. मूर्ती बसवल्यावर क्षितिज तिच्या कमरेतून जात असेल, तर ती व्यक्ती अडीच-तीन मीटर उंचीची राक्षसी वाटेल. राक्षसच हवा असेल तर ते ठीक आहे, पण मग कॅमेऱ्याची उंचीही त्या राक्षसाच्या हिशेबाने ठरवावी लागते.

एक बारीकशी चूक मुद्दाम नोंदवतो, कारण ती शोधायला मला आठवडा लागला. मूर्तीच्या पायाखालची बैठक लपवण्यासाठी मी टेबलावर १ सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर पसरला होता, पण लेन्सची उंची मात्र टेबलाच्या फळीपासून मोजली होती. टेबलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे गडावरचे १६ सेंटिमीटर. एवढ्या फरकाने मावळा खड्ड्यातून पाहिल्यासारखा दिसत होता. उंची नेहमी मूर्तीचा पाय जेथे मातीला टेकतो तेथूनच मोजावी. ट्रायपॉड इतका खाली येत नसेल, तर मूर्ती टेबलाच्या कडेशी एका पाटावर ठेवावी आणि कॅमेरा समोर तांदळाच्या पुरचुंडीवर टेकवावा. पुरचुंडी दाबून उंची पाव सेंटिमीटरपर्यंत जुळवता येते.

हत्तीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. बाजारातल्या मूर्ती एकाच टोपलीतून घेतल्या, तरी त्या एकाच प्रमाणात घडवलेल्या नसतात. माझा हत्ती १२ सेंटिमीटरचा आहे. खरा हत्ती २७० सेंटिमीटरचा धरला तर त्याचे प्रमाण साडेबावीस पट येते. म्हणजे मावळा आणि हत्ती शेजारी ठेवून एकाच फोटोत घेतले, तर दोघांपैकी एक चुकणारच. त्यांचे फोटो वेगवेगळे काढावे लागतात. शिवाय हत्ती ढगांवरून, माचीपेक्षा १ मीटर खालून चालत येत आहे, तेव्हा त्याच्या पायांपासून कॅमेऱ्याची उंची १५० नव्हे तर २५० सेंटिमीटर होते. ती साडेबावीसने भागली की टेबलावर सुमारे ११ सेंटिमीटर येते. तो १८ मीटर दूर असावा अशी कल्पना असल्याने लेन्सपासून त्याचे अंतर ८० सेंटिमीटर. हा हिशेब कागदावर करून मगच मूर्ती मांडावी. मांडल्यावर अंदाजाने कॅमेरा हलवत बसण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.

धूसर भाग आणि खेळण्याचा भास

वस्तू लेन्सच्या जवळ आली की स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली झपाट्याने घटते. एपीएस-सी सेन्सर (बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत असतो तो आकार) आणि ५० मिलिमीटरची लेन्स वापरून एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा तितके छिद्र बारीक) ८ मीटर अंतरावर फोकस केला, तर गडावर सुमारे ५ मीटरपासून १६ मीटरपर्यंतचे सारे समाधानकारक स्पष्ट दिसते. त्याच लेन्सने ५० सेंटिमीटरवरची मूर्ती घेताना एफ/११ वरही जेमतेम ४ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. मावळ्याचा पुढे केलेला भाला त्याबाहेर जातो आणि धूसर होतो. खऱ्या माणसाच्या बाबतीत ८ मीटरवर असे कधीच घडत नाही, म्हणूनच डोळा तत्काळ ‘हे खेळणे आहे’ असा निष्कर्ष काढतो. मोठ्या शहराचे छायाचित्र वरून-खालून धूसर केले की ते खेळण्यातले गाव वाटू लागते, त्याचेही कारण हेच आहे.

यावर एफ/२२ हा उपाय नव्हे. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडेशी पसरतो, आणि सगळेच चित्र थोडे मऊ पडते. कॅमेरा न हलवता एफ/८ किंवा एफ/११ वर, भाल्याच्या टोकापासून पाठीवरच्या ढालीपर्यंत फोकस थोडाथोडा सरकवत सहा ते आठ फोटो घ्यावेत आणि ते एकत्र करावेत. फोटोशॉपमध्ये ऑटो-ब्लेंड लेअर्सने हे होते. मोफत साधन हवे असेल तर ह्युगिन या छायाचित्रे जोडण्याच्या प्रणालीबरोबर येणारे एन्फ्यूज उत्तम काम देते.

ऊन टेबलावर कसे आणावे

उजेडाबाबत तीन गोष्टी जुळाव्या लागतात: तो कोणत्या दिशेने येतो, किती कडक आहे आणि किती वेगाने विरतो. दिशेचा विचार सगळे करतात. उरलेल्या दोन्हींकडे दुर्लक्ष होते.

आकाशात सूर्याचा व्यास केवळ अर्धा अंश दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार असते. तीच धार टेबलावर हवी असेल, तर २ मीटर दूर ठेवलेला दिवा पावणेदोन ते दोन सेंटिमीटरपेक्षा रुंद असता कामा नये. एकाच एलईडीची उघडी विजेरी येथे चालते. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) किंवा बटर पेपर लावलेला दिवा चालत नाही, कारण त्याने मिळतो तो ढगाळ दिवसाचा उजेड. गडाचे छायाचित्रच ढगाळ हवेतले असेल तर मात्र उलट करावे आणि बटर पेपर मूर्तीच्या अगदी जवळ आणावा.

विरण्याचा मुद्दा असा. सूर्य इतका दूर आहे की माणसाच्या डोक्यावर आणि पायांवर तो सारखाच पडतो. टेबलावरचा दिवा मूर्तीच्या डोक्यापासून ५० सेंटिमीटरवर, ३० अंश उंचीवर ठेवला, तर १० सेंटिमीटरच्या मूर्तीच्या पायांशी उजेड जवळजवळ २० टक्क्यांनी कमी होतो. मावळ्याचे डोके उजळ आणि पाय मळकट दिसतात, आणि मग ते कर्व्हजने (संगणकावर उजळपणा बदलण्याच्या सोयीने) सुधारण्याची धडपड सुरू होते. तोच दिवा २ मीटरवर नेला की हा फरक ५ टक्क्यांवर येतो.

खरे सांगायचे तर दिव्यांची ही सारी खटपट मी आता फारशी करत नाही. मी मूर्ती गच्चीवर नेतो. त्याच आठवड्यात, त्याच वेळी, गडाजवळच्याच गावात ऊन त्याच कोनात येते. होकायंत्राने कॅमेऱ्याचे तोंड तेवढे दक्षिणेकडे करावे लागते. कडक सावली, एकसारखा उजेड आणि सावलीत मिसळणारी आकाशाची निळसर छटा हे सगळे एका वेळी मिळते. खोलीतल्या पिवळट दिव्याचा रंग सुमारे २७०० ते ३००० केल्विन आणि उन्हाचा सुमारे ५५०० केल्विन असतो (आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा). ती तफावत व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंग जुळवण्याच्या सोयीने) बरीच भरून निघते, पण खोलीच्या रंगीत भिंतींवरून मूर्तीच्या सावलीच्या बाजूला उतरलेला रंग निघता निघत नाही. गच्चीवर हा प्रश्नच येत नाही.

यासाठी गडावर असतानाच एक काम करून ठेवावे लागते. जेथे मावळा उभा करायचा आहे तेथे हातातली काठी सरळ धरावी, तिच्या सावलीसह एक जादा फोटो घ्यावा आणि सावलीची लांबी काठीनेच मोजावी. माझी सावली काठीच्या पावणेदोनपट भरली, म्हणजे सूर्य ३० अंशांवर होता. सावली काठीएवढीच असती तर ४५ अंश. नंतर गच्चीवर किंवा दिव्याखाली एक काडी उभी करून सावली तेवढीच आणि त्याच दिशेला पडते का हे पाहिले की दिशा चुकण्याची भीती राहत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र पार्श्वभूमीला घेणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. खालच्या ढगावर उमटणारे ते गोल रंगीत वलय पाहणाऱ्याच्या स्वतःच्या सावलीभोवती असते, म्हणजे सूर्य थेट कॅमेऱ्याच्या पाठीमागे असतो. अशा छायाचित्रात बाजूने उजळलेली मूर्ती बसवली, तर ती कितीही सुबक असली तरी निसर्गनियमाला सोडून दिसते. तेथे मूर्तीवरचा उजेड कॅमेऱ्याच्या मागून आणि सावली कॅमेऱ्यापासून दूर जाणारी हवी.

पाय, माती आणि सावली

भाचीने दाखवलेल्या दोषाकडे येतो. उभ्या माणसाला दोन सावल्या असतात. एक उन्हाने लांबवर पाडलेली, आणि दुसरी पाऊल व जमीन यांच्या फटीत अडकलेली, बोटभरही नसलेली काळी रेघ. पहिली सावली पुष्कळ जण ब्रशने रंगवतात. दुसरी विसरतात, आणि मूर्ती तरंगू लागते. या दोन्ही सावल्या रंगवण्यापेक्षा खऱ्याच पाडून घ्याव्यात. मूर्ती गडाच्या मातीच्या रंगाच्या मातीवर उभी करावी, बैठक त्या मातीत पुरावी, आणि मूर्ती पावलांशी न कापता तिच्याभोवतीच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीसह व पूर्ण सावलीसह उचलावी. जोड मग पावलांशी येत नाही. तो मातीत येतो आणि मातीत माती मिसळणे सोपे असते. मोठी सावली जमिनीच्या उंचसखलपणावरून वळवावी लागली, तर तेवढाच भाग वेगळ्या मल्टिप्लाय (खालचे चित्र गडद करणाऱ्या) लेअरवर घ्यावा.

मातीचे दाणेही त्याच १६ च्या हिशेबात येतात. १ मिलिमीटरचा खडा चित्रात १६ मिलिमीटरचा, म्हणजे बोराएवढा दिसतो. बागेतली माती तशीच पसरली की मावळा दगडगोट्यांत उभा राहिल्यासारखा वाटतो. मी माती कोरडी करून आधी पिठाच्या आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळतो, आणि मुद्दाम निवडलेले चार-पाच बारीक खडे वर ठेवतो. गवतासाठी किल्ल्यावर पेरतात तेच अळीव किंवा मोहरी. मात्र ती अंकुरून वर येताच वापरावी, कारण तिची पाने मोठी झाली की मावळ्याच्या पायाशी अळूची पाने उगवल्यासारखी दिसतात.

ढगावर चालणाऱ्या हत्तीखाली कापूस पसरू नये. कापसाचे तंतू जवळून स्पष्ट दिसतात आणि ते ढगाचे वाटत नाहीत. हत्तीचे पाय त्याच छायाचित्रातल्या खऱ्या ढगात बुडवावेत, आणि त्यासाठी मास्क हाताने न रंगवता ढगाच्या उजळपणावरून तयार करावा, म्हणजे ढगाच्या विरळ जागी पाय थोडे दिसतात आणि दाट जागी नाहीसे होतात.

उरलेले दोष

ऑइल पेंटने रंगवलेल्या मूर्ती चकाकतात आणि त्या चकाकीत खोलीची खिडकी चौकोनी उमटते. नव्या मूर्तीवर मॅट वॉर्निशचा हलका फवारा द्यावा. आजोळहून आलेल्या जुन्या मूर्तीवर असे काहीही लावू नये. तेथे लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) फिरवून जेवढी चकाकी कमी होईल तेवढ्यावर भागवावे. हिरव्या पडद्यासमोर फोटो काढू नये, कारण चकचकीत रंग तो हिरवेपणा कडांवर ओढून घेतो. मूर्तीच्या मागे पार्श्वभूमीच्याच रंगाच्या जवळचा, माझ्या बाबतीत फिकट राखाडी, कार्डशीट लावला की कडांचा प्रश्न निम्मा सुटतो.

त्यानंतर काळोखाची पातळी पाहावी. हवेतल्या धुक्यामुळे गडावर दूरच्या वस्तूंमध्ये अगदी काळा रंग उरत नाही. तटाच्या, मूर्तीएवढ्याच अंतरावरच्या, सर्वांत गडद भेगेचे मूल्य आयड्रॉपरने (चित्रातल्या ठिपक्याचा रंग मोजणाऱ्या साधनाने) तपासावे. ते ० ते २५५ च्या पट्टीवर २५ आले, तर मूर्तीतला काळाही लेव्हल्सने (काळ्या-पांढऱ्याची पातळी बदलण्याच्या सोयीने) २५ पर्यंत उचलावा. रवाळपणा जुळवण्याचे काम अगदी शेवटी, चित्र शंभर टक्के आकारात पाहत करावे.

एका दोषावर मला तंत्राने उपाय सापडलेला नाही, आणि तो म्हणजे रंगवलेले डोळे. मावळा चौकटीच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा झाला की ब्रशच्या एका ठिपक्याने काढलेली बुबुळे आणि कानामागून जाणारी साच्याची शिवण दिसू लागते. काही जण तेथे खऱ्या माणसाचे डोळे बसवतात. मी ते करून पाहिले आणि मला तो चेहरा पाहवेना. म्हणून मी मूर्ती लहान ठेवतो, किंवा तिला पाठमोरी उभी करतो, किंवा ऊन तिच्या मागून घेऊन चेहरा सावलीत जाऊ देतो. सुवेळा माचीवरचा मावळा पाठमोरा आहे, त्याचे कारण हेच.